खड्ड्याचे गणित आणि ‘का’ विचारण्याचा हक्क

एक साधे गणित आहे. एका मजुराने एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा खड्डा खणला व त्याची ठरलेली मजुरी त्याला मिळाली. पुढच्या खेपेस मुकादम म्हणाला, ‘आता दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा खण. काम दुप्पट, मजुरीही दुप्पट.’ हा सौदा न्यायाचा आहे काय?

सहावी-सातवीच्या कोणत्याही वर्गात हा प्रश्न घालून पाहावा. बरीच मुले ‘हो, न्यायाचा आहे’ असे म्हणतील. काही मुले, तिन्ही मापे दुप्पट झाली म्हणून दोन, दोन आणि दोन यांची बेरीज करून सहापट सांगतील. अशा वेळी उत्तर चूक की बरोबर हे शिक्षकाने सांगू नये. मुलांच्या हाती रिकाम्या काडेपेट्या द्याव्यात आणि एका काडेपेटीच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद व दुप्पट उंच असा ठोकळा रचायला सांगावे. मोजून आठ काडेपेट्या लागतात. मग एखादी मुलगी आपण होऊन म्हणते, ‘म्हणजे आठ खड्ड्यांचे काम आणि दोन खड्ड्यांची मजुरी. सहा खड्डे फुकट.’

गणित येथेच संपत नाही. खोल खड्ड्यातील माती अधिक उंच उचलून बाहेर टाकावी लागते. एक मीटर खोल खड्ड्यातील माती सरासरीने अर्धा मीटर वर येते. दोन मीटर खोल खड्ड्यातील सरासरीने एक मीटर. माती आठपट आणि उचलण्याची उंची दुप्पट, म्हणजे नुसती माती वर काढण्याचे श्रम सोळापट. मुकादमाने दुप्पट म्हणून सांगितलेले काम सोळापटीपर्यंत जाते, आणि हे शोधून काढण्यास साध्या गुणाकारापलीकडचे गणित लागत नाही. त्यासाठी एक सवय मात्र लागते. सांगितलेली गोष्ट मान्य करण्यापूर्वी ‘हे असे का?’ असे विचारायचे आणि मनाची खात्री पटेपर्यंत तो प्रश्न सोडायचा नाही, अशी ती सवय.

मुलांना ही सवय लावणे हे शालेय गणिताचे मुख्य काम आहे. ती सवय श्रमिकांच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, आणि शैक्षणिक विषमतेचा हा भाग आपल्या चळवळीत सर्वांत कमी चर्चिला गेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शाळा निघाव्यात, अनुदान मिळावे, फी माफ व्हावी, शिक्षकांना योग्य वेतन मिळावे, यासाठी आपण लढलो. ते लढे आवश्यक होते आणि आजही आहेत. परंतु वर्गाचे दार लागल्यावर आत काय शिकवले जाते आणि कसे शिकवले जाते, हा आपण तज्ज्ञांचा प्रांत मानला. ही आपली चूक झाली.

खड्ड्याचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि नालाबांधांच्या कामांवर उभे राहिले. त्या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामांवर मजुरी मोजमापावर ठरत असे. किती घनमीटर काम झाले, माती होती की मुरूम की कठीण खडक, किती अंतरावर वाहून नेली, किती उंच उचलली, यावर दर अवलंबून असे. कायदा मजुराच्या बाजूचा होता. मोजपट्टी मात्र दुसऱ्याच्या हातात होती आणि आकडे दुसऱ्याच्या वहीत लिहिले जात होते. ज्यांनी त्या काळी मजुरांच्या संघटना बांधल्या त्या कार्यकर्त्यांना आठवत असेल की, मोर्चा काढणे त्या मानाने सोपे जाई, पण मोजमापाची वही उघडून तीत नेमके काय चुकले आहे हे मजुरांसमोर दाखवणे फार अवघड जाई.

आजही ऊसतोडणीच्या हंगामाअखेर हेच घडते. हंगामाआधी घेतलेली उचल किती, एका कोयत्याने म्हणजे नवरा-बायकोने मिळून तोडलेला ऊस किती टन, मुकादमाची कपात किती, आणि एवढे राबूनही ‘उचल फिटली नाही’ म्हणून पुढच्या वर्षाच्या नावे राहिलेली रक्कम किती, हा सारा हिशेबच आहे. ज्याला तो उलगडता येत नाही तो पुढच्या हंगामालाही बांधला जातो. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळांत मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी होती. सावकाराची वही आणि कुळकर्ण्याचे दप्तर ज्यांनी जवळून पाहिले होते, त्यांच्याकडूनच ही मागणी यावी यात नवल नाही.

मात्र आज फुल्यांची मागणी एका पायरीने पुढे नेणे भाग आहे. नुसता हिशेब करता येणे आता पुरेसे राहिलेले नाही. बेरीज-वजाबाकी यंत्रही करते. कोणता हिशेब करायचा, कशाचा करायचा आणि समोर ठेवलेला हिशेब कोणत्या गृहीतांवर उभा आहे, हे ओळखणे महत्त्वाचे झाले आहे. वरील प्रश्नात ‘घनफळ काढा’ असे शब्द कोठेही नाहीत. ज्या मुलाला लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार हे सूत्र पाठ आहे, त्याला घनफळ विचारले तर तो अचूक सांगेल. परंतु मुकादम कधी घनफळ विचारत नाही. त्यामुळे सूत्र पाठ असलेला मुलगाही फसतो.

आपल्या शाळांत गणित शिकवले जाते ते बहुधा पाककृतीसारखे. शिक्षक फळ्यावर एक उदाहरण सोडवतात; मुले वहीत तसलीच दहा उदाहरणे आकडे बदलून सोडवतात. शाब्दिक उदाहरण आले की त्यातील खुणेचा शब्द शोधायचा: ‘एकूण’ म्हटले की बेरीज, ‘उरले’ म्हटले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ म्हटले की भागाकार. परीक्षेच्या आधी गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच असतातच. या पद्धतीने गुण मिळतात, पण मूल त्यातून एक भलताच धडा घेते. प्रश्न विचारणारा दुसरा कोणी असतो, रीतही दुसऱ्याने ठरवलेली असते, आणि आपले काम ती बिनचूक पार पाडण्याचे, असे ते समजून चालते. दहा वर्षे रोज हा धडा गिरवलेले मूल पुढे कारखान्यात, कचेरीत वा मतदान केंद्रात एकाएकी स्वतंत्र बुद्धीने वागू लागेल, ही अपेक्षा फोल आहे.

याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्याच्यापुढे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसल्या आहेत, ज्याला निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपले जाते, ज्याच्याकडून वेळेवर माहिती भरून पाठवण्याची अपेक्षा असते, त्याने एका प्रश्नावर अर्धा तास थांबावे तरी कसे? विचार करायला वेळ लागतो, आणि आपल्या व्यवस्थेने गरिबांच्या शाळांतून पहिल्याप्रथम काढून घेतला तो वेळच.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबरोबर गणिताच्या अध्यापनाविषयी जे आधारपत्र तयार झाले, त्यात हा विचार स्पष्टपणे मांडलेला आहे. व्यवहारापुरते अंकज्ञान हे गणित शिक्षणाचे संकुचित उद्दिष्ट होय आणि मुलाच्या विचारप्रक्रियेला गणिती वळण लावणे हे उच्च उद्दिष्ट होय, असा त्याचा आशय आहे. मुलांच्या मनातील गणिताची भीती हा त्या आधारपत्राने गंभीर प्रश्न मानला. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. मधल्या काळात, २०१९ साली, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. बावीस या संख्येचे वाचन ‘वीस दोन’ असेही करावे की नाही, यावर वर्तमानपत्रांतून लेख आले, विधिमंडळात टोलेबाजी झाली. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही होते. परंतु त्या वीस-दोनाचे पुढे दुसरीतले मूल काय करते, त्याला स्वतःहून काही शोधून काढण्याची संधी मिळते की नाही, हा प्रश्न त्या साऱ्या चर्चेत ऐकू आला नाही. संख्येच्या नावासाठी समाज जेवढा पेटून उठला तेवढा तो विचारासाठी उठला नाही.

दरम्यान विचार करण्याच्या शिक्षणाची वाटणी झालीच आहे. शहरांतील काही मोजक्या मुलांना ऑलिंपियाडची तयारी करताना अपरिचित प्रश्नांशी झुंजण्याचा आनंद मिळतो. त्यांच्याखालोखाल लातूर, नांदेड, पुणे येथील क्लासची भारी फी भरू शकणारी मुले. त्यांना प्रश्न पुष्कळ मिळतात, पण विचारापेक्षा युक्त्या आणि वेग यांचे वळण अधिक लागते. सर्वांत खाली जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतील मुले. त्यांच्याविषयी आपली अपेक्षाच भागाकाराशी येऊन थांबते. २००५ पासून चालत आलेल्या ‘असर’ या सर्वेक्षणात गणिताची जी चाचणी घरोघरी घेतली जाते, तिची सर्वांत वरची पायरी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ही आहे. पुष्कळ मुले तीही गाठत नाहीत ही शरमेची गोष्ट खरीच. पण उद्या सारी मुले त्या पायरीवर पोहोचली, तरी त्यांना मुकादमाचा सौदा ओळखता येईल काय?

हा प्रश्न आपल्याच देशापुढे आहे असे नाही, आणि चळवळीतील कार्यकर्त्याने तो हाती घेतल्याचे एक उदाहरण आपल्याला मार्गदर्शक ठरावे. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीत बॉब मोझेस हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते १९६१ साली मिसिसिपी राज्यात गेले. तेथे काळ्या शेतमजुरांना मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी साक्षरतेची परीक्षा द्यावी लागे. राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ सांगावा लागे, आणि तो बरोबर आहे की नाही हे गोरा अधिकारी ठरवी. ज्यांना शिकूच दिले नाही त्यांनाच अशिक्षित म्हणून मताधिकार नाकारण्याचा हा डाव होता. मोझेस यांनी मारहाण आणि तुरुंगवास सोसून मतदार नोंदणीचे काम केले. त्याच मोझेस यांनी १९८२ साली केंब्रिज येथे, आपल्या मुलीच्या शाळेतून, बीजगणित शिकवण्याचा प्रकल्प सुरू केला आणि २०२१ साली मृत्यू येईपर्यंत ते या कामाशी निगडित राहिले. त्यांचे प्रतिपादन असे की, एके काळी वाचता न येणे हे ज्याप्रमाणे शेतमजुराला गुलामीत ठेवण्याचे साधन होते, त्याचप्रमाणे यंत्रयुगात बीजगणित न येणे हे गरिबांच्या मुलांना दुय्यम नागरिकत्वात ठेवण्याचे साधन झाले आहे. म्हणून बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे.

त्यांची रीतही पाहण्यासारखी होती. ऋण संख्या शिकवताना ते मुलांना भुयारी रेल्वेच्या प्रवासाला नेत. परत आल्यावर मुले आपला प्रवास आपल्या बोलीत सांगत, त्याचे चित्र काढत, मग एखादे स्थानक शून्य मानून त्याच्या दोन्ही दिशांची स्थानके मोजत. चिन्हे सर्वांत शेवटी येत, आणि ती का लागतात हे तोवर मुलांना स्वतःलाच कळलेले असे. आपल्याकडे तालुक्याचा एस. टी. स्टँड शून्य मानून हेच करता येईल. त्याला ना प्रयोगशाळा लागते, ना अनुदान.

अनुदान आणि पदव्या यांवाचून काय होऊ शकते याचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. आगगाडीने जाता-येता, फावल्या वेळी, आकड्यांशी खेळत बसणारा हा माणूस अनेकांना विक्षिप्त वाटे. १९४९ साली त्यांनी दाखवून दिले की, कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने आणि मग चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि पुढे तीच येत राहते. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७. ८७३० मधून ०३७८ वजा जाता ८३५२. ८५३२ मधून २३५८ वजा जाता ६१७४. आज ही संख्या जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते.

वजाबाकीच्या सरावासाठी यापेक्षा चांगले साधन शोधूनही सापडणार नाही. चौथीतली मुले कंटाळा न करता पन्नास वजाबाक्या करतील, कारण पुढे काय होते हे त्यांना पाहायचे असते. मग शिक्षकाने विचारावे: प्रत्येक उत्तराला नऊने नि:शेष भाग जातो, तो का? हे जड वाटले तर दोनच अंक घ्यावे. ५२ आणि २५, फरक २७. ८३ आणि ३८, फरक ४५. अंकांमधील फरक जितका, त्याच्या नऊपट. का बरे? थोडा वेळ दिला तर कोणी तरी सांगते की, पाचाचे दहा पट होते त्यातून एक पट गेले, उरले नऊ पट. आणि दोनाचे एक पट होते त्यातून दहा पट गेले, म्हणजे नऊ पट कमी झाले. ही सिद्धता आहे. ती सांगणारा मुलगा कोणाचा, कोणत्या वस्तीतला, हे विचारण्याचे कारण उरत नाही. पाटलाच्या मुलाचा युक्तिवाद लंगडा असेल तर तो लंगडाच ठरतो आणि ऊसतोडणी मजुराच्या मुलीचा बिनतोड असेल तर शिक्षकालाही तो मान्य करावा लागतो. जन्मावरून शब्दाचे वजन ठरवणाऱ्या समाजात असा अनुभव मुलांना इतरत्र कोठे मिळणार?

यावर एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच साथींकडून येईल: मुलांना साधी वजाबाकी येत नाही आणि तुम्ही सिद्धतेच्या गोष्टी करता, आधी पाया, मग कळस. आक्षेप प्रामाणिक आहे. पाठांतराला हसण्याचेही कारण नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी मुखोद्गत असलेली जुनी माणसे बाजारात कोणाकडून ठकत नसत. पाढे यायलाच हवेत. परंतु पाया आणि कळस ही उपमाच येथे दिशाभूल करणारी आहे. आधी दहा वर्षे आज्ञापालन आणि मग विचार, या क्रमाने विचार कधीच येत नाही. मूल चालायला आणि कोठे जायचे हे ठरवायला एकाच वेळी शिकते. कापरेकरांच्या वजाबाक्यांत सरावही होतो आणि ‘का’ही उभा राहतो. श्रीमंतांच्या मुलांना दोन्ही एकत्र मिळावे आणि गरिबांच्या मुलांनी आधी पात्रता सिद्ध करावी, हा न्याय आपण अन्य कोणत्याही हक्काच्या बाबतीत मान्य केलेला नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रथम, जेथे जेथे आपल्या अभ्यासिका, सेवा दलाच्या शाखा किंवा संध्याकाळचे वर्ग चालतात, तेथे आठवड्यातून एक दिवस एकच प्रश्न घेऊन बसावे. त्या दिवशी उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. ‘तुला हे कसे कळले?’ आणि ‘हिला ते पटवून दे’ एवढी दोन वाक्ये पुरतात. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पॉल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रश्न सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रश्न नीट समजून घेणे, योजना करणे, ती पार पाडणे आणि शेवटी केलेल्या कामाकडे मागे वळून पाहणे, या त्या चार होत. आपल्या शाळांत तिसरीच तेवढी चालते. पहिली, दुसरी आणि चौथी आपण चालवावी.

दुसरे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. या समित्यांतून आपण खिचडी, स्वच्छतागृह आणि इमारत यांविषयी बोलतो. गणिताची प्रश्नपत्रिका मागून पाहिली असे क्वचितच घडते. ती पाहावी. तीत पुस्तकाबाहेरचा एक तरी प्रश्न आहे काय, उत्तरामागचे कारण मुलाच्या शब्दांत मागणारा एक तरी प्रश्न आहे काय, हे विचारावे. शिक्षकांवर ठपका ठेवण्यासाठी हे करू नये. त्यांना शाळाबाह्य कामांतून मोकळे करण्याची मागणी याच मागणीबरोबर जोडून करावी.

तिसरे, प्रश्न आपल्या जगण्यातले निवडावेत. काळ, काम आणि वेग यांच्या जुन्या उदाहरणांत इतके पुरुष जे काम करतात ते करण्यास इतक्या स्त्रिया लागतात, अशी प्रमाणे सर्रास दिलेली असत आणि मुले ती निमूटपणे सोडवत. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण ते प्रमाण कोणी ठरवले, कशावरून ठरवले, असे विचारणारे मूल तेव्हाही वर्गात असायला हवे होते.

शेवटी एक गोष्ट स्वतःशीच कबूल केली पाहिजे. पाककृतीची सवय शाळेपुरती मर्यादित नाही. आपल्या शिबिरांतही घोषणा पाठ होतात, विश्लेषणाची सूत्रे ठरलेली असतात आणि अवघड प्रश्न विचारणाऱ्या तरुणाकडे आपण काहीशा संशयाने पाहतो. काडेपेट्या रचून मुकादमाचा सौदा मोडून काढणारी मुलगी उद्या आपल्या सभेत येऊन बसेल आणि आपल्या ठरावातील आकड्याला, आपल्या युक्तिवादातील उडीला, ‘हे असे का?’ म्हणून विचारील. त्या दिवशी आपण तिला गप्प बसवले, तर मुकादमात आणि आपल्यात फरक उरणार नाही. तिला उत्तर देता यावे अशी तयारी आपण आजपासूनच केली पाहिजे.